लपणाचा तंबू की घोंगडं? भेकरा-सांबरांच्या वाटेवर बसणाऱ्यांसाठी

दिवाळी सरली, की राधानगरी-गगनबावड्याकडं कॅमेरा घेऊन जाणारी आपली कोल्हापूरची मंडळी हमखास विचारतात: लपायला तो पानांच्या छापाचा घडीचा तंबू घ्यावा, की घोंगड्यावर भागतं? मी तंबूत तीन हिवाळे बसलो, घोंगड्यात पाच. त्यामुळं थोडं सांगू शकतो. तुमचं रान वेगळं असेल, तर अनुभवही वेगळा येईल.

आधी एक स्पष्ट करतो. पाळीव चित्ते सोडून काळवीट धरायची कोल्हापूर संस्थानची शिकार एकेकाळी नावाजलेली होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून तो विषय बंद आहे आणि तो बंदच राहावा असं मला मनापासून वाटतं. संस्थानचं शिकारीचं रान असलेलं दाजीपूर १९५८ पासून अभयारण्य आहे. तिथं वनखातं सांगेल तिथंच बसायचं, त्यामुळं तंबू की घोंगडं हा प्रश्नच येत नाही. मी बोलतोय ते मालकीच्या शिवाराबद्दल. माझ्या मेहुण्याचं शेत राधानगरीच्या वरच्या अंगाला, रानाला लागून आहे. बांधाच्या पलीकडं लगेच कारवी सुरू होते.

तंबूचं चांगलं ते आधी सांगतो. आत हात-पाय हलवता येतात, कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं राहतं, दोघं बसू शकतात, दव अंगावर येत नाही. चार दिवस आधी उभा करून ठेवला तर जनावरं त्याला सरावतात. हरणांना आपली हालचाल फार चटकन दिसते आणि ती झाकण्यात तंबूला तोड नाही. रंगाचं मात्र आपण उगीच मनावर घेतो. लाल-केशरी त्यांना नीट उमगत नाही, निळा मात्र उठून दिसतो. म्हणून छापाच्या नक्षीपेक्षा कपडे कशानं धुतले याला मी जास्त जपतो. पांढऱ्याला निळसर चकाकी आणणारी पावडर रानातल्या कपड्यांना लावत नाही.

तंबूनं मला हरवलं ते आवाजात.

डिसेंबरातली पहाट. नाचणीच्या मोकळ्या वावरात एक भेकर एकटंच बांधावरून आलं, तीसेक पावलांवर. वर जांभळीचं झाड होतं. तिच्या पानांवरचं दव ताणलेल्या कापडावर पडत होतं, हलगीवर बोट टेकावं तसा एकेक थेंब. तेवढं त्यानं सोसलं. मग वाऱ्याची झुळूक आली, तंबूची एक बाजू फडफडली आणि त्याचे कान माझ्याकडं वळले. मी श्वास रोखून बसलो. ते पुन्हा खाली वाकलं. लेन्स थोडी डावीकडं घ्यायला मी खिडकीची चेन दोन बोटं सरकवली, एवढंच. भेकरानं पुढचा पाय आपटला, शेपटी वर केली आणि कारवीत गेलं. तिथून ते कितीतरी वेळ कुत्र्यासारखं भुंकत राहिलं. त्यानंतर उन्हं वर येईपर्यंत त्या वावरात दुसरं काही उतरलं नाही.

असं त्या हिवाळ्यात चारदा झालं. कापडाला दगड बांधले, चेनीला मेण लावलं, चिकटपट्टीच्या जागी नाडी शिवली. फरक पडला, पण पुरेसा नाही. सिंथेटिक कापड कोपर घासलं तरी बोलतं.

पुढच्या वर्षी पट्टणकोडोलीच्या यात्रेत काळं घोंगडं घेतलं. नवीन असताना ते चिंचोक्याच्या खळीनं पत्र्यासारखं ताठ होतं. मग महिनाभर ते रोज अंथरलं, दोनदा नुसत्या पाण्यातून काढलं, तेव्हा कुठं अंगासरशी पडायला लागलं. शेतकरी पावसात घेतात तशी डोक्यावरून खोळ घ्यायची, पाठ झाडाच्या बुंध्याला लावायची, लेन्स पुढच्या फटीतून काढायची. लोकर लोकरीवर घासली तरी आवाज नाही. थेंब पडला तर जिरतो.

फेब्रुवारीत त्याच बांधावर सांबराची मादी आणि पाडस माझ्या समोरून पाऊण तास चरत गेली. मादीनं दोनदा मान वर केली, मोठे गोल कान फिरवले, पुन्हा खाली घातली. घोंगड्याला मेंढरांचा वास येतो, त्याचा उपयोग झाला असेल का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. त्या शिवारात मेंढरं बसवतात, एवढं खरं.

घोंगड्याचा त्रासही खराच आहे. टोचतं. दोन-अडीच किलोचं ओझं असतं आणि भिजलं तर उचलवत नाही. गोचीड लागली तर घरी आल्यावर सगळं झटकून उन्हात टाकावं लागतं. तासाभरानं गुडघे धरतात आणि हलायची सोय नाही. वाळल्या पिवळ्या गवतात उघड्यावर बसलात तर काळा ठिपका लांबून कळतो, मागं सावली हवीच.

वाऱ्यापुढं मात्र दोन्ही सारखेच. पहिल्याच दिवशी मेहुण्यानं सांगितलं होतं, “दाजी, वारा तोंडावर घ्या, बाकीचं नंतर.” डोंगरउतारावर पहाटेची गार हवा खाली वाहते, म्हणून मी उताराच्या खालच्या अंगाला बसतो. नऊच्या सुमारास ऊन तापलं की तीच हवा वर चढायला लागते आणि आपला वास सरळ रानात जातो. त्या वेळी घोंगडं खांद्यावर टाकून दुसऱ्या बांधाला जाता येतं. तंबू असा उचलता येत नाही, उचललाच तर सगळं शिवार जागं होतं.

गुडघ्यांचा त्रास असेल, किंवा लहान मूल बरोबर येणार असेल, तर तंबूच घ्या. फक्त चेनीऐवजी नाडीच्या खिडक्या असलेला बघा आणि दव गळणाऱ्या झाडाखाली लावू नका. माझाही तंबू अजून आहे. मुलगी बरोबर आली, की तो उभा करतो आणि आम्ही दोघं मोर बघतो. भेकरासाठी जायचं असलं, की आदल्या रात्री दाराशी घोंगडं काढून ठेवलेलं असतं.