स्क्रिबल डॉट आयओवर ॲनाटॉमी, फर्स्ट इयरवाल्यांनी खेळाच
इंदूरला एमबीबीएसला आहे, आम्ही पाच मराठी पोरी सराफ्यातून (इथला रात्रीचा खाऊबाजार) खाऊन परत आलो की स्क्रिबलवर, म्हणजे चित्र काढून शब्द ओळखायच्या ऑनलाइन खेळावर, प्रायव्हेट रूम उघडतो, फुकट आहे, कस्टम शब्दांत (म्हणजे आपणच दिलेल्या शब्दांत) मनगटाची 8 हाडं नि सोबत हाताची अजून दोन-तीन टाकायची, कारण किमान 10 शब्द लागतात, एकीने 80 सेकंदात काढायचं नि बाकीच्यांनी ओळखायचं. स्कॅफॉइड हे हाड काढताना शेजारी ल्युनेट हे हाड आहे हे आठवावंच लागतं, नुसतं वाचून ते होत नाही हो. ब्रेकियल प्लेक्सस (मानेतून हातात जाणाऱ्या नर्व्हचं जाळं) मात्र 80 सेकंदात शक्यच नाही, 5 रूट, 3 ट्रंक, 6 डिव्हिजन, 3 कॉर्ड, 5 ब्रँच... त्याला आम्ही शेअर्ड व्हाइटबोर्ड घेतो, प्रत्येकीने एकच रेघ ओढायची, चुकली तर पुढचीने सांगून दुरुस्त करायची. त्यातलीच अल्नर नर्व्ह माझी अशीच पक्की झाली. माऊसने नका काढू, मोबाइलवर बोटाने बरं जमतं.