डेट्रॉईटमधलं जुनं घर: बॉस्टन-एडिसन की इंडियन व्हिलेज?

नोकरीसाठी मिशिगनला आलेली मराठी कुटुंबं सहसा ट्रॉय, नोव्हाय अशा उपनगरांकडे वळतात. डेट्रॉईट शहरात घर बघणारे त्या मानाने विरळाच. १९५० साली साडेअठरा लाख वस्तीचं हे शहर २०२० च्या जनगणनेत साडेसहा लाखांच्याही खाली आलं, मध्ये २०१३ ची दिवाळखोरी झाली. तरी वाहन उद्योगाच्या भरभराटीतल्या या दोन वस्त्या टिकून आहेत. ओकचे जिने आणि रंगीत काचा दोन्हीकडे मिळतात, त्यावर भुलून सौदा करू नका.

निवड करायला वाव हवा असेल तर बॉस्टन-एडिसन. वुडवर्ड आणि लिनवुड या हमरस्त्यांच्या दरम्यान चार समांतर रस्ते, सुमारे ९०० घरं, बहुतेक १९०५ ते १९२५ मधली. हेन्री फोर्डचं घर इथेच, एडिसन रस्त्यावर. वुडवर्डजवळ हवेल्या, पश्चिमेला जावं तशी घरं आटोपशीर. लॉज फ्रीवे मात्र वस्तीच्या मधूनच गेलाय, त्यामुळे त्याच्या लगतची घरं संध्याकाळच्या गर्दीत उभं राहून ऐका.

इंडियन व्हिलेजमध्ये बर्न्स, इरोक्वॉय आणि सेमिनोल हे तीनच रस्ते, घरं साधारण ३५०. नदी आणि तिच्यातलं बेल आईल बेट जवळ. अल्बर्ट कान, लुई कॅम्पर यांच्यासारख्या वास्तुरचनाकारांचं काम इथे आहे. दिसायला ही वस्ती सरस, यात वाद नाही. पण शहराचा पूर्व भाग पावसाळी पाण्याला नाजूक: इथल्या गटारांत सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकत्र वाहतं, आणि जून २०२१ मध्ये पूर्वेकडच्या बऱ्याच तळघरांत ते उलटलं. म्हणून घरातून गटाराकडे जाणाऱ्या भाजलेल्या मातीच्या पाईपात कॅमेरा सोडून झाडांची मुळं शिरलीत का ते बघा, आणि उलट्या प्रवाहाला अडवणारा व्हॉल्व्ह नसेल तर त्याचा खर्च किमतीत धरा.

बाकी दुखणी सारखीच. तळघरात पाण्याचा पाईप जिथून आत येतो तिथे किल्लीने खरवडा: चंदेरी चमकला आणि लोहचुंबक चिकटला नाही, तर ते शिसं. पोर्सिलिनच्या गुटक्यांवरची जुनी वायरिंग चालू असेल तर विमा कंपन्या हात आखडतात. विमाही खरेदीच्या किमतीवर बेतत नाहीत, तसंच घर पुन्हा बांधायला लागेल त्या रकमेवर बेततात, आणि ती कितीतरी मोठी निघते. स्लेटचं (पाटीच्या दगडाचं) छप्पर शंभर वर्षं टिकतं, पण सांध्यांवरचे धातूचे पत्रे त्याआधी जातात. गळती तिथूनच सुरू होते.

दोन्ही वस्त्या संरक्षित असल्याने बाहेरून दिसणाऱ्या बदलाला ऐतिहासिक वस्ती आयोगाची मंजुरी लागते. आतलं स्वयंपाकघर हवं तसं बदला. आधीच्या मालकाने विनापरवाना व्हिनाइलच्या खिडक्या बसवल्या असतील तर ते लचांड तुमच्या गळ्यात येऊ शकतं. मंजुरीचे कागद सौद्याआधी मागा.

फसगत सर्वाधिक होते ती करात. विकणाऱ्याची कराची पावती तुमच्या उपयोगाची नाही. मिशिगनमध्ये मालकी टिकून असेतो करपात्र मूल्याच्या वाढीला मर्यादा असते; विक्रीनंतरच्या वर्षी ती उठते आणि मूल्य बाजारभावाच्या निम्म्यावर जातं. ४ लाख डॉलरचं घर म्हणजे करपात्र २ लाख; त्यात स्वतः राहत असाल तर हजारी ६५ ते ७० डॉलर, म्हणजे वर्षाला १३-१४ हजार. राहत्या घराची सवलत आपोआप मिळत नाही, अर्ज भरावा लागतो. शहराने ठरवलेल्या पुनरुज्जीवन क्षेत्रांतली करकपात त्या पत्त्याला लागू आहे का, तेही विचारा. शिवाय शहरात राहणाऱ्यांना २.४ टक्के शहर आयकर आहेच.

आणि कॉर्कटाऊन ही तिसरी जुनी वस्ती? लहान, लाकडी, आयरिश कामगारांची घरं. फोर्डने २०२४ मध्ये मिशिगन सेंट्रल स्थानक खुलं केल्यापासून तिथे स्वस्तात काही मिळेल अशी आशा धरू नये.

पहिलंच जुनं घर असेल तर बॉस्टन-एडिसनच्या पश्चिमेकडचं मध्यम आकाराचं बरं. छप्पर कमी, घर उबदार ठेवणारा बॉयलर लहान. जुनी दुरुस्ती हाताळलेल्यांनी आणि हाती पैसा राखून असलेल्यांनीच इंडियन व्हिलेजचा विचार करावा. घर कुठलंही असो, रिकामं पडलं असेल तर बॉयलर पेटवून खोल्यांतले रेडिएटर तापल्याशिवाय सही करू नका. हिवाळ्यात पाणी गोठून त्यांचे बिडाचे कप्पे तडकलेले असू शकतात आणि उन्हाळ्यात ते कोरडे असल्याने कळत नाही.