नळस्टॉपजवळचं कानाच्या मशीनचं केंद्र: तपासणी उत्तम, रिसेप्शन नको

पाचपैकी चार तारे. एक तारा कापलाय तो रिसेप्शनसाठी. कमी ऐकू येणारी माणसं बाकावर बसलेली आणि काउंटरवरची मुलगी नावं पुकारतेय! आमच्या आधीचे आजोबा तिने दोनदा हाक मारली तरी पेपरच वाचत होते. अहो, नंबराचा बोर्ड लावा की.

आता कामाचं. आधी एका दुकानात (नाव घेत नाही) काही न तपासता ह्यांच्या कानात मशीन घालून "येतंय ना आता?" एवढ्यावर भागवलं होतं. इथे तसं नाही. पहिल्यांदा कान आतून बघितले, मळ दिसला, तर ईएनटीकडून काढून या म्हणून परत पाठवलं. हे चिडले. पण मळानेही ऐकू कमी येतं, मग तपासणी काय खरी निघणार?

नंतर बंद खोलीत ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याची तपासणी. एकदा हेडफोन लावून, एकदा कानामागच्या हाडावर छोटं यंत्र टेकवून. हाडावरून गेलेला आवाज पडदा आणि मधली तीन हाडं वगळून सरळ आतल्या शंखात, म्हणजे कानाच्या आतल्या शंखासारख्या वळणाच्या भागात पोचतो. दोन्हीकडून सारखंच कमी आलं, म्हणजे पडदा ठीक, गडबड आत. आलेख सुरुवातीला बरा, पण ४००० हर्ट्झजवळ, म्हणजे उंच पट्टीत, पर्वतीच्या पायऱ्या उतरावा तसा खाली. तो बघून ऑडिओलॉजिस्ट ताईंनी विचारलं, "काका, नोकरी कुठे होती?" भोसरीला, कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, जिथे पत्रा ठोकणारी मशीनं असतात. कानात साधा कापसाचा बोळासुद्धा कधी घातला नाही.

ताईंनी नीट समजावलं. शंखात दर कानाला आवाज टिपणाऱ्या सुमारे १५,००० केसपेशी असतात. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज वर्षानुवर्षं, रोज तासन्‌तास कानावर आदळला की त्या मरतात आणि माणसाच्या कानात पुन्हा येत नाहीत. आधी जातात त्या उंच पट्टीच्या. स, श, फ त्याच पट्टीत. त्यामुळे मी बोलतेय हे ह्यांना कळायचं, काय बोलतेय ते नाही. सहा म्हटलं की दहा. वयाचा वाटा आहेच. "तूच पुटपुटतेस" हे पालुपद मात्र त्या दिवसापासून बंद झालं. गोळ्या-औषधांनी हे बरं होणार नाही, हेही ताईंनी स्पष्ट सांगितलं. आमचा भाचा ढोल पथकात आहे, त्याच्यासाठी मी तिथूनच इअरप्लग घेतले. घालतो की नाही, गणपती जाणे.

मशीन घरी वापरून बघायला दिलं, मग पैसे घेतले. दोन्ही कानांचं मिळून ७०,००० च्या आसपास गेले, स्वस्त नाही. सुरुवातीला पंखा, नळ, पेपरची पानं, सगळंच अंगावर येतं. ताईंनी दोनदा बोलावून आवाज बसवून दिला, जादा पैसे न घेता. सेल मात्र ह्यांच्या जाड बोटांत धरवत नाही. त्यावरचं तपकिरी स्टिकर काढून मिनिटभर हवा लागू द्यायची, मग बसवायचा. ते काम माझ्याकडे आलंय.

पावसाळ्यात रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं असतं. ती डबी मागितल्यावर मिळाली. एवढे पैसे घेतल्यावर न मागता द्यायला काय हरकत होती?