चुंबक चिकटलं नाही म्हणून रेलिंग ३०४ ठरत नाही

घराचा ओटा, पोर्च नवा करायला काढला असेल, आणि तोही आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आत उरकायचा असेल, तर हे आधी वाचा. आम्ही अमळनेरला राहतो. गेल्या वर्षी समोरचा जुना ओटा काढून ग्रॅनाइट बसवला, त्याला स्टीलची रेलिंग केली आणि पोर्चवर पॉलिकार्बोनेटचं शेड टाकलं. ग्रॅनाइटचा मिस्त्री वेगळा होता, त्याचं काम चोख झालं. रेलिंग आणि शेड ज्या फॅब्रिकेटरला दिलं, त्याने फसवलं.

ऊन उतरलं की नानांची बैठक ओट्यावरच असते. येणारा-जाणारा रेलिंगला टेकून दोन शब्द बोलून जातो. आखाजीला ताई माहेरी येते तेव्हा मुलींचा झोका बांधायला आता अंगणात निंबही राहिला नाही, म्हणून झोक्याचे हूक पोर्चच्या पाइपलाच ठेवायचे असं आईने सांगितलं होतं. त्यामुळे शेडचे पाइप १६ गेजचे (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचं माप) आणि रेलिंग ३०४ ग्रेडच्या, सहजी न गंजणाऱ्या स्टीलची हवी, हे आम्ही पहिल्याच बोलण्यात स्पष्ट केलं. दरही त्याच हिशोबाने ठरला, सगळं मिळून ९५ हजार.

माल आला त्या दिवशी फॅब्रिकेटरने खिशातून चुंबक काढलं आणि नानांच्या हातात दिलं. ‘देखा नाना, चिकटस का? हाई असल तीनशे चार शे!’ चुंबक खरंच चिकटलं नाही. शेजारचे दोघं-तिघं जमले होते, त्यांनीही लावून पाहिलं. सगळ्यांची खात्री पटली.

फसवणुकीचं सगळं मर्म या चुंबकात आहे. ३०४ स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेल महाग. २०२ ग्रेडमध्ये ते कमी करून त्याजागी मँगनीज घालतात, म्हणून ते स्वस्त पडतं आणि गंजायला लवकर लागतं. पण चुंबक दोन्हींना चिकटत नाही! चुंबकाने फार तर ४३० ग्रेडसारखा, चुंबकाला चिकटणारा माल ओळखू येतो. उलट अस्सल ३०४ सुद्धा वाकवलेल्या जागी चुंबकाला थोडंसं ओढतं. म्हणजे २०२ विकणाऱ्याला चुंबक दाखवण्यात काहीच धोका नाही, आणि गिऱ्हाइकाला वाटतं आपण मालाची परीक्षा घेतली.

आखाजी तोंडावर, तिच्या पाठोपाठ आमच्या गावच्या यात्रेतला सखाराम महाराजांचा रथ, घर पाहुण्यांनी भरणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. शेडचं काम त्याने मुद्दाम शेवटपर्यंत लांबवलं आणि ‘बाकी पैसे द्या, लगेच पत्रे चढवतो’ असं म्हणून रक्कम काढून घेतली. पावती म्हणून वहीचा कागद. त्यावर ‘स्टील रेलिंग, शेड, रनिंग फूट’ एवढंच. ग्रेड नाही, गेज नाही, जीएसटी नंबर नाही.

आखाजीच्या दिवशी भाची झोक्यावर बसली आणि वरचा पाइप मधोमध झुकला. ताईने तिला तेवढ्यात उतरवून घेतलं, पण त्या क्षणी जे वाटलं ते लिहितानाही हात कापतो. लहान लेकरांचा जीव ज्या पाइपवर टांगायचा, त्यात पातळ माल घालणाऱ्याला मी कधीच माफ करणार नाही. नंतर पाइपचं टोपण काढून कडेला व्हर्नियर लावला तर जाडी जेमतेम १ मिलिमीटर. १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर असायला हवी होती.

पावसाळा लागला आणि रेलिंगने रंग दाखवला. आधी वेल्डिंगच्या सांध्यापाशी चहासारखे डाग आले, मग खांबांवरून तांबूस ओघळ उतरून नव्या ग्रॅनाइटवर पसरले. पितांबरीने घासलं की जायचे, दोन पाऊस झाले की पुन्हा हजर. फोन केला तर म्हणे, ‘भाऊ, तुमचं बोअरचं पाणी खारं आहे, त्याला मी काय करू?’ खाऱ्या पाण्याने स्टील खराब होतं हे खरं, म्हणून आधी आम्हालाही ते पटल्यासारखं झालं.

शेवटी ओळखीच्या दुसऱ्या कारागिराने तपासणीचं लिक्विड आणलं. नऊ व्होल्टची बॅटरी लावून करायची ही साधी परीक्षा आहे. रेलिंग एका जागी घासून साफ केली, थेंब टाकला, बॅटरीची एक तार स्टीलला आणि दुसरी थेंबात. काही सेकंदांत थेंब लालसर झाला. त्याने सोबत आणलेल्या खात्रीच्या ३०४ च्या तुकड्यावर तसाच थेंब टाकला, तिथे तो रंग आला नाही. मँगनीज जास्त असलं की हा लाल रंग येतो. मग खाऱ्या पाण्याचा बहाणा संपला.

शेडचंही तेच. पॉलिकार्बोनेटच्या शीटला बहुधा एकाच बाजूने यूव्हीचा, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवणारा थर असतो, ती बाजू उन्हाकडे ठेवायची असते, आणि कुठली बाजू वर ते शीटच्या फिल्मवर छापलेलं असतं. आमच्याकडे शीट आल्या त्या फिल्म काढूनच. खान्देशातला उन्हाळा ४४-४५ अंशांचा; एका उन्हाळ्यात शीट पिवळ्या पडल्या आणि स्क्रूभोवती तडकल्या.

आम्ही गप्प बसलो नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतो आहोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वहीचा कागद कच्चा असला तरी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतः लिहिलेलं ‘३०४ आहे, १० वर्षं काही होणार नाही’ हे आमच्याकडे जपून ठेवलेलं आहे. असे मेसेज कोणीही पुसू नका.

धुळ्याला मेहुण्यांच्या घराचं पोर्चचं काम सध्या सुरू आहे. त्यांच्या बिलावर मी बसून लिहून घेतलं: ‘रेलिंग एसएस ३०४, पाइपची जाडी १.५ मिमी, शेडचा पाइप १६ गेज, यूव्ही शीट फिल्मसह. लिक्विड टेस्ट मालकासमोर, फिटिंगच्या आधी. बाकी रक्कम त्यानंतर.’ जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून पाहिला, दुकानाचं नाव जुळलं. त्या फॅब्रिकेटरने आढेवेढे न घेता सही केली आणि दुसऱ्या दिवशी पाइपचे तुकडे घेऊन तो स्वतःच टेस्ट दाखवायला आला.