आंबा-काजूचे पैसे पतसंस्थेत ठेवण्याआधी

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत माझ्या काकीची ठेव अडकली आहे. कलमं कराराने दिल्याचे, काजूबी विकल्याचे आणि काकांच्या फंडाचे, सगळे पैसे तिने तिथेच ठेवले. व्याज बँकेपेक्षा जास्त आणि एजंट वाडीतलाच. मुदत संपली तेव्हा शाखेत सांगितलं, "वसुली चालू आहे, गणपतीनंतर या." गणपती गेले, शिमगाही झाला.

लोक म्हणतात, म्हातारी व्याजाला भुलली. मला हे मान्य नाही. लबाडी झाली ती कर्जं वाटताना. लेखापरीक्षण अहवाल हाती आला तेव्हा कळलं, मोठी कर्जं संचालकांच्या नातलगांना आणि जमिनीच्या दलालांना दिली होती. तारण काय, तर कातळ! महामार्ग होणार, प्रकल्प येणार, म्हणून गुंठ्याचा भाव कागदावर वाटेल तसा चढवलेला. त्यातही सातबारा सामाईक, निम्मे हिस्सेदार मुंबईला, सगळ्यांच्या सह्या नाहीत. अशी जमीन लिलावात घेणार कोण? हप्ते थकले की त्याच माणसाला नवं कर्ज देऊन जुनं फेडून घ्यायचं. या नवं-जुनं करण्यामुळे थकबाकी दिसली नाही, उलट नफा दिसला आणि लाभांशही वाटला गेला. गोठ्यासाठी थोडे पैसे मागणाऱ्या शेतकऱ्याला मात्र जामीनदारांसाठी गावभर फिरवलं. याची मला सर्वांत जास्त चीड येते.

मोठ्या बँकेतही हेच घडलं आहे. पीएमसी या मुंबईच्या सहकारी बँकेची 70 टक्क्यांहून जास्त कर्जं एकाच बांधकाम समूहाकडे गेल्याचं 2019 मध्ये उघड झालं. ती लपवायला हजारो खोटी खाती दाखवली होती. पण बँकेतल्या ठेवीला विमा तरी असतो. 2020 पासून त्याची मर्यादा माणशी 5 लाख रुपये आहे, सहकारी बँकांनाही. पतसंस्थेला हा विमा लागू नाही, आणि एजंट हे आपणहून सांगत नाही.

ठेव ठेवण्याआधी लेखापरीक्षण अहवाल मागा. थकबाकी किती आणि संचालकांच्या घरात कर्ज किती, एवढं तरी बघाच. देत नसतील तर सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकांकडे लेखी अर्ज करा.

पैसे आधीच अडकले असतील तर "व्याज धरून नवी पावती देतो" म्हणतील, मूळ पावती देऊ नका. मागणी लेखी करा, पोच घ्या. ठेवीदारांच्या हितसंरक्षणाच्या 1999 च्या राज्य कायद्याखाली पोलिसांत तक्रार करता येते आणि त्यात संचालकांची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद आहे. एकेकटे जाऊ नका. आमच्याकडचे ठेवीदार वाडीवाडीतून पावत्यांच्या प्रती गोळा करून एकत्र तक्रार देत आहेत.