एचडीएल वाढवण्यासाठी आधी काय: अजिंक्यताऱ्याचा चढ की ताटातला बदल?

साताऱ्यातील चाळिशीच्या गृहस्थांच्या रक्ततपासणीत एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ३४ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१० आले, तर घरात दोन मते पडतात: पहाटे अजिंक्यतारा किल्ला चढावा, किंवा खाणे सुधारावे. दर डेसिलिटर रक्तात पुरुषांत ४०, स्त्रियांत ५० मिलिग्रॅमच्या खालचे एचडीएल कमी मानतात.

नियमित, दम लागेल अशा व्यायामाने एचडीएल सरासरी दोन-अडीच अंकांनीच वाढते, आणि तेही आठवड्याला किमान दोन तास घाम गाळल्यावर. गप्पा मारत, थांबत थांबत केलेली फेरी या हिशेबात धरू नये. रक्तदाब आणि साखरेवर मात्र चढाचा चांगला परिणाम होतो, म्हणून तो सोडण्याचा प्रश्नच नाही.

तरीही दोन्ही एकदम जमत नसेल, तर वरच्या आकड्यांसाठी मी आधी ताटाकडे वळेन. साखर, मैदा आणि भात जास्त झाला की यकृत त्याचे ट्रायग्लिसराइड बनवते, आणि त्याने भरलेले एचडीएलचे कण रक्तातून लवकर नाहीसे होतात. दिवसातून चार वेळा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर घातलेला चहा येथे नडतो. साखरेऐवजी गूळ घातल्याने काही साधत नाही. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण तीनऐवजी दोन घेऊन मटकीची उसळ किंवा अख्खा मसूर वाढवून घ्यावा.

तुपाने चांगले कोलेस्टेरॉल वाढते, हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे, कारण तूप आणि खोबरेल एचडीएलबरोबर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलही वाढवतात. रोजच्या फोडणीला शेंगतेल किंवा करडईचे तेल बेताने वापरणे अधिक सुरक्षित. ट्रान्स फॅट असलेले वनस्पती तूप तर एलडीएल वाढवून एचडीएल घटवते.

सिगारेट किंवा विडी ओढत असाल, तर या दोन्ही पर्यायांच्या आधी ती सोडावी. एचडीएल वाढते म्हणून दारूचे समर्थन करू नये.

केवळ एचडीएलच्या आकड्यामागे धावणेही बरे नव्हे: नायसिन या औषधाने (बी-३ जीवनसत्त्व) तो वाढला, पण २०११ आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत, स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांमधील हृदयविकाराचे झटके त्याने कमी झाले नाहीत. म्हणून एलडीएल किती आहे, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. वजन उतरत असताना एचडीएल तात्पुरते घटू शकते. त्यामुळे पुढची तपासणी वजन स्थिरावल्यावर करावी.