कोल्हापुरात १०×५० दुर्बीण: नोव्हेंबर ते मे वापरल्यानंतर

सात महिन्यांनंतर मत पक्कं आहे. आकाशदर्शन नव्यानं सुरू करणाऱ्यानं टेलिस्कोपच्या आधी १०×५० द्विनेत्री घ्यावी, पण स्टँडसकट.

५० मिमीच्या भिंगाला १० पटीनं भागलं की ५ मिमी, एवढा जाड प्रकाशझोत डोळ्यात उतरतो. २०×५० मध्ये तो अडीचच मिमी होतो आणि हाताची थरथरही दुप्पट दिसते. १० पटीलासुद्धा हातात धरल्यावर गुरूचे चंद्र नाचतात. ट्रायपॉडवर चढवली की तेच ठिपके ओळीत शांत उभे. त्यासाठी एल आकाराची पट्टी लागते. ती बसवायला दुर्बिणीच्या पुढच्या दांड्यावरचं टोपण निघतं आणि आत पाव इंची आटे आहेत ना, हे दुकानातच बघा. डोक्यावरचे तारे मात्र ट्रायपॉडवरून बघताना मान मोडते. तिथे आरामखुर्ची, कोपरं टेकवून.

दुसरी तपासणी रात्रीची. एका चमकदार ताऱ्यावर फोकस करून उजव्या डोळ्याचं कडं फिरवा, त्या बाजूला तारा फुगून चकती होईल. डावीकडचा ठिपका त्या चकतीच्या मधोमध हवा. बाजूला सरकलेला असेल तर दोन्ही नळ्या जुळलेल्या नाहीत. अर्ध्या तासात डोकं दुखतं. अशी दुर्बीण सरळ परत करा.

शहरातून कृत्तिका आणि मृगातला तेजोमेघ छान दिसतात. शनीची कडी दिसत नाहीत, ती अपेक्षाच नको. खरी मजा दक्षिणेला आहे. मेच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा दाट गोल पुंजका क्षितिजापासून साधारण २६ अंशांवर, म्हणजे हात लांब करून अडीच मुठी वर येतो, धूसर कापसाच्या बोंडासारखा. पन्हाळ्यावरून शहराचा उजेड आग्नेयेला पडतो, राधानगरीकडून ईशान्येला. म्हणून दक्षिणेसाठी राधानगरीच बरी.

पावसाळ्यात दुर्बीण कापडी पिशवीत ठेवू नका, ओल धरून भिंगावर बुरशीचे धागे पसरतात. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल. निळे खडे गुलाबी झाले की बदला. दव पडलं तर पुसू नका, आपोआप वाळू द्या.

पुढे टेलिस्कोप घ्याल तेव्हा इक्वेटोरियल स्टँड, म्हणजे ज्याचा एक अक्ष अक्षांशाइतका तिरपा करून ध्रुवाकडे रोखतात तो, जपून. आपला अक्षांश १६.७ अंश, अक्ष इतका खाली आणला की बऱ्याच स्टँडचा वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो. डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या पेटीवर बसवलेला टेलिस्कोप, घ्या.